गिटार पोटात उतरते, आवाज घशात अडकतो: रॉबी बाशो कसा ऐकायचा?

कासारवडवलीकर
रविवार, रात्री ११:२०

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण माझ्याकडून तो छोटा विचारला जाणार नाही. चहा घेऊन बसा.

वय सत्तेचाळीस, घर घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे सकाळचा सव्वा तास ठरलेला आणि संध्याकाळचा देवाच्या हातात. मेट्रोच्या खांबांखाली उभं राहून गेल्या तीन-चार वर्षांत मी जेवढं संगीत ऐकलं तेवढं कॉलेजातही ऐकलं नव्हतं. गिटार हातात घेतली ती चाळिशीत. नौपाड्यात एका क्लासला दोन वर्षं गेलो. सर म्हणाले, "तुमची बोटं जाड आहेत हो, पण अंगठा चांगलाय." हे कौतुक होतं की सांत्वन ते अजून कळलेलं नाही. पण पुढचं सगळं त्या अंगठ्यावरच उभं राहिलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: फिंगरस्टाइलमध्ये पिक घेऊन तारा झोडपायच्या नसतात. अंगठा जाड तारांवर डग्ग्यासारखा ठेका धरून चालत राहतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. वाजवणारा एक, ऐकणाऱ्याला वाटतं दोघं बसलेत. मी सुरुवात केली मिसिसिपी जॉन हर्टपासून. या बाबाने १९२८ साली थोडी गाणी रेकॉर्ड केली आणि परत आपल्या गावी शेतात गेला. १९६३ साली लोकांनी त्याच्याच गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून त्याला हुडकून काढलं. तोवर तो सत्तरीत होता. त्याचा आवाज म्हणजे ओट्यावर बसून शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तसा. त्याच्यावरून कुणाचं भांडण होणं शक्य नाही. मग जॉन फाही ऐकला. फाहीने बहुतेक वेळा तोंड मिटूनच वाजवलं, त्यामुळे तिथेही शांतता.

आणि फाहीच्याच टाकोमा या लेबलच्या यादीतून खाली येता येता मला रॉबी बाशो सापडला. जन्म १९४०, बाल्टिमोर. मूळ नाव डॅनियल रॉबिन्सन. लहानपणीच दत्तक गेलेला. पुढे जपानी हायकू लिहिणाऱ्या बाशोवरून स्वतःचं नाव ठेवून घेतलं. बारा तारांची गिटार वाजवायचा. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. त्यातल्या जाड चार जोड्यांत एक तार खालच्या सप्तकातली आणि तिची जोडीदारीण वरच्या, उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात. त्यामुळे एक तार छेडली तरी मागे कुणीतरी दुजोरा देतंय असं वाटतं.

जून महिना, पहिला पाऊस, पातलीपाड्याच्या अलीकडे गाडी ठप्प. बायको शेजारी, तिला माजिवड्याला सोडायचं असतं. मी त्याची 'व्हिजन्स ऑफ द कंट्री' ही रेकॉर्ड लावली, १९७८ची. गिटार सुरू झाली आणि खरं सांगतो, वायपरचा आवाजसुद्धा लयीत वाटायला लागला. बायको म्हणाली, "छान आहे रे, कोण आहे?" मी विजयी मुद्रेने तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने उघडलं.

तो आवाज कसा सांगू? ऑपेरात शोभेल असा भरदार. पण सूर धरला की थरथरायला लागतो. गमक म्हणावं तर ते नाही, आंदोलन म्हणावं तर तेही नाही. लहानपणी चालू टेबल फॅनसमोर तोंड धरून आपण "आऽऽऽ" करायचो ना, त्याचा मोठा भाऊ. आणि माणूस पूर्ण गंभीर! कुठे लाजणं नाही, आवरणं नाही.

बायकोने एक शब्द न बोलता हात पुढे केला आणि आवाज शून्यावर आणला. माजिवड्यापर्यंत आम्ही फक्त पाऊस ऐकला.

घरी हेडफोन घालून ऐकलं तर झोपच येईना. एका दुपारी स्पीकरवर लावलं तर खालून वॉचमनचा इंटरकॉम. "साहेब, सगळं ठीक आहे ना? वरच्या मॅडम विचारतायत, तुमच्याकडे कुणी रडतंय का."

तर माझा प्रश्न असा. हे कारल्यासारखं आहे का, खात राहिलं की आवडतं? की मी नुसतं वादन ऐकून गाणी पुढे ढकलली तर काही बिघडत नाही? त्याच्या वादनासाठी मी पहाटे साडेपाचला उठतो, एवढं ते मला आत लागलेलं आहे. आणि त्याच माणसाच्या गळ्यातून जे येतं त्याची मला लाज वाटते, जणू काही माझाच कुणी नातेवाईक लग्नात माइक घेऊन उभा राहिलाय. तुमच्यापैकी कुणाला तो आवाज खरोखर आवडत असेल तर कृपा करून "महान कलाकार आहे" एवढंच लिहून जाऊ नका. कसा ऐकता ते सांगा.


मिसळ_जास्त_तर्री
रविवार, रात्री ११:४१

वहिनींना +१.

काका, हल्ली गाण्यातला आवाज वेगळा काढणारी ॲप्स फुकट मिळतात. फाइल टाका, गायक बाहेर, गिटार आत. प्रश्न मिटला, वॉचमन सुखी.


कासारवडवलीकर
सोमवार, सकाळी ७:५५, मानपाडा सिग्नल

तुम्हाला काय वाटतं, मी केलं नसेल? गेल्याच आठवड्यात केलं.

आवाज निघतो, पण बाराच्या बारा तारांची जी मागची झिलई असते ती त्याच्याबरोबर सोलून निघते. उरलेली गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाटते. तेही चाललं असतं. खरी अडचण वेगळीच झाली. ज्या जागी तो गात होता त्या जागी गिटार एकदम साधी होते, तेच ते दोन-तीन सूर घोळवत बसते. लग्नघरात सगळे आवरून बसलेत आणि गाडी अजून आली नाही, तसं. शेवटी ती फाइल मी पुसून टाकली.

(सिग्नल सुटला. गाडी मात्र सुटलेली नाही, त्यामुळे लिहितोय.)


अंगठेबहाद्दर
सोमवार, दुपारी १:१०

तुमच्या त्या फाइलमध्येच उत्तर आहे, पण आधी थोडं अवांतर.

फिंगरस्टाइलवाल्यांचा आवाज हा जुना विनोद आहे आणि तो त्यांनीच सुरू केला. लिओ कोटके या गिटारवादकाची १९६९ची पहिली मोठी रेकॉर्ड, मुखपृष्ठावर आर्माडिलो नावाचा खवल्यांचा प्राणी आहे ती, टाकोमानेच काढली. सगळीच्या सगळी नुसतं वादन. का, तर कव्हरवरच्या मजकुरात त्याने स्वतः लिहून ठेवलंय की माझा आवाज म्हणजे दमट दिवशी बदकाच्या चुलतभावाने पादावं तसा. (हंस म्हणायचं होतं त्याला, पण आपल्याकडे हंस म्हटलं की सरस्वती आठवते, म्हणून मी बदललं.) दमट दिवस! ठाण्यात वर्षाचे अकरा महिने. तरी दोन वर्षांत, १९७१च्या 'मडलार्क'वर, तो गायलाच. आणि ऐका, त्याचा खालचा, घोगरा, जरा झोपेतून उठल्यासारखा आवाज आज कित्येकांना त्याच्या वादनाइतकाच आवडतो. मला आवडतो. पुढे हात इतका दुखायला लागला की बोटांत घालायच्या नख्या सोडून त्याला नुसत्या बोटांनी वाजवायला नव्याने शिकावं लागलं. गाणं मात्र सोडलं नाही.

आता मुद्दा. तुम्ही कधी अंगठा चालू ठेवून गाऊन बघितलंय का? मी वीस वर्षं हेच करतोय, आणि माझी मुलगी अजून दार लावून घेते. अंगठा म्हणतो एक-दोन-एक-दोन. बोटं त्याच्या मधल्या फटींत पळतात. गळ्याला कळत नाही कुणाबरोबर जायचं. तो हमखास बोटांच्या मागे लागतो आणि अंगठा लंगडतो. यातून सुटायला माझ्या माहितीत दोनच वाटा आहेत. एक, हर्टसारखं जवळजवळ बोलायचं, शब्द ठेक्यावर हलके ठेवत जायचे. दुसरी, बाशोसारखं एक स्वर लांबच लांब ताणायचा, इतका की खाली हात काय करतायत याच्याशी त्याचा संबंधच उरत नाही. तुम्हाला जे "कुठे आवरणं नाही" वाटलं, ती हाताला मोकळं सोडायची सोय आहे. आणि हात तरी तिथे साधा का होतो? कारण तो जागा करून देतोय. तुम्ही गायकाला उचलून नेलंत, म्हणून तुम्हाला रिकामी खुर्ची दिसली.

तिसरी वाट एलिझाबेथ कॉटनची, पण ती तिची एकटीची. ही आजी डावरी. गिटार उजव्या हाताची, तीच उलटी धरून वाजवायची, त्यामुळे जाड तारांवर बोटं आणि चाल अंगठ्यावर. सगळ्या जगाच्या उलट. पोरवयात गाणं रचलं, मग संसारात पंचवीस-तीस वर्षं गिटार बाजूला. एका मोठ्या दुकानात हरवलेली एक लहान मुलगी तिने आईला शोधून परत दिली, आणि ती मुलगी निघाली सीगर कुटुंबातली, घरभर गाणारी माणसं. त्यांच्याकडे ती घरकामाला राहिली आणि तिथल्या भिंतीवरची गिटार पुन्हा हातात घेतली. पहिली रेकॉर्ड १९५८ साली, म्हणजे साठी उलटल्यावर. ग्रॅमी १९८५ साली, नव्वदीत. आवाज बारीक, चिरका, जात्यावर बसलेल्या बाईसारखा. तिच्यावर कुणी हसत नाही. का हसत नाही? म्हातारी आहे म्हणून? मग बाशोला आपण तरुणपणाची शिक्षा देतोय का, असं मला कधी कधी वाटतं.


कोपरीकर
सोमवार, रात्री ९:३०

एवढा विचार केला तर प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा मालकंस वाटेल.

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. वाईट गाणं वाईटच असतं. आपल्याकडे "भावपूर्ण" या एका शब्दाखाली किती बेसूर खपतं ते गणपतीत बघा. बाशो वादक म्हणून अफाट, वादच नाही. पण चांगल्या वादकाला कुणी तरी वेळेवर सांगायला हवं होतं की बाबा रे, पुरे. १९६७च्या त्याच्या एका रेकॉर्डचं नावच 'बाशो सिंग्स' आहे. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतात तसं. मी त्या नावाचा मान राखतो आणि हात लावत नाही.

अंगठेबहाद्दर, हात मोकळा सोडायला थरथर कशाला लागते? लांब सूर सरळही ताणता येतो की.


अंगठेबहाद्दर
सोमवार, रात्री ९:४८

हा मुद्दा बरोबर आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

कुकरबद्दल निषेध. आमचा कुकर भूपात आहे.


वाशीची_सतार
मंगळवार, दुपारी ४:०५

कासारवडवलीकर, तुमचं वाचून हसले आणि नातवाला ते गाणं लावायला सांगितलं. गिटार माझा प्रांत नव्हे. आमच्या घरी गिटार म्हणजे ब्रिजभूषण काब्रा, १९६७ची ती 'कॉल ऑफ द व्हॅली', शिवकुमार आणि हरिप्रसाद यांच्यासोबतची. ती गिटार आडवी ठेवून, तारेवर पट्टी सरकवून वाजवलेली. बोटांनी असं विणकाम करतात हे मला या वयात कळलं.

नातवाने त्या बाशोची एक आवडती जुळणी, म्हणजे कुठली तार कुठल्या सुरात लावायची ते, कागदावर लिहून दिली. सी जी सी जी सी ई. मी म्हटलं, अरे, हे तर सा प सा प सा ग! या माणसाने गिटारीचा तानपुरा करून ठेवलाय. नातू म्हणाला नेहमीची गिटार अशी नसते, ती कुठल्याच एका सुरावर घर करत नाही, सगळ्या पट्ट्यांना थोडी थोडी सोय करून देते. धर्मशाळेसारखी. याने धर्मशाळेचं देऊळ केलं. नातवाने आणखी एक जुळणी दाखवली, डॅडगॅड म्हणतात तिला, डेव्ही ग्रॅहम नावाच्या इंग्रज वादकाने १९६०च्या दशकात गाजवलेली. ती निघाली सा प सा म प सा. मला तर वाटायला लागलंय की ही सगळी मंडळी आपल्याच गल्लीत फिरत होती.

आणि होतीच. बाशो रविशंकरांची सतार ऐकून हलला आणि पुढे सरोदिये अली अकबर खाँसाहेबांकडे शिकला. ते कळल्यावर मी पुन्हा ऐकलं आणि ऐकू आलं ते असं: चाल चालू असताना मधेच वरच्या मोकळ्या तारा छेडतो, ती आमची चिकारी. सरोदवाले, सतारवाले तेच करतात, सा मरू देत नाहीत. एकदा हे कानाला लागलं की मग तो आवाज गाण्यासारखा ऐकू नका. त्या चौकटीत एक लांब स्वर लावून बघणारा माणूस म्हणून ऐका. शब्द सोडून द्या. आपण आलापात "री, ना, नोम" यांचा अर्थ विचारतो का?

कोपरीकर, एक दुरुस्ती. तो बेसूर नाही. बेसूर म्हणजे सुरापासून घसरून तिथेच बसणं. याची थरथर सुराच्या दोन्ही बाजूंना जाते आणि मधे सूर जागेवर असतो. घड्याळाचा लंबक हलतो म्हणून खिळा हललाय असं नसतं. मात्र थरथर जरुरीपेक्षा जास्त आहे हे मान्य. आमच्या गुरुजींनी पाठीत धपाटा घातला असता. तेव्हा मला तो आवडला असा कृपया गैरसमज नको. मी फक्त उठून गेले नाही.

माहेरी आमच्याकडे कुमार गंधर्वांवरून दोन तट होते. वडील म्हणायचे, क्षयाने फुफ्फुस खाल्लं, श्वास पुरत नाही म्हणून तान तोडतात, आपण त्याला शैली म्हणतो. आई म्हणायची, तोडतात तिथे तुम्ही बोलता, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही. दोघं एकाच रेडिओसमोर, एकाच सतरंजीवर. वडील शेवटपर्यंत बदलले नाहीत. आईही नाही. रेडिओ मात्र कुणी बंद केला नाही, एवढं तुमच्या सौभाग्यवतींना सांगा.

करून बघायचं असेल तर एक सुचवते. तानपुऱ्याचं ॲप लावा, पांढरी एक. डोळे मिटून पाच मिनिटं नुसता सा लावा. तुम्ही स्वतः. मग ते गाणं लावा. हेडफोन नको, स्पीकरवर.


नगरी_नेरुळकर
मंगळवार, रात्री १०:१५

ताईंनी अर्धी गोष्ट सांगितली, उरलेली अर्धी आमच्या नगरची आहे.

हा बाशो मेहेरबाबांचा भक्त होता. मेहेरबाबा पुण्यात जन्मलेले, पण समाधी आमच्याकडे, अरणगावच्या मेहेराबादला, दौंड रस्त्यावर. मामाचं घर तिथून जवळ. बाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं! आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलायचे, १९५४ साली पाटीही सोडली, मग नुसत्या हातांच्या खुणा.

म्हणजे बघा, गुरू तोंडातून अवाक्षर न काढणारा आणि चेला असा.

लहानपणी मामाबरोबर सायकलवरून टेकडीवर जायचो. समाधीपाशी आरतीनंतर ज्याला वाटेल तो पुढे होऊन गायचा. कुणी पारशी आजी, कुणी अरणगावचा शेतकरी, कुणी गिटार घेतलेला गोरा. आवाज कसा आहे हे तिथे कुणी बघत नव्हतं. आम्ही पोरं मात्र बघायचो आणि फिदीफिदी हसायचो, मग मामा कान पिळायचा. बाशो तिथे कधी आला होता का, ते मला विचारू नका. पण परवा रात्री त्याचं गाणं ऐकताना मला तो गोरा आठवला आणि नकळत हात कानाकडे गेला.

बाशो गेला १९८६ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी. मानेवर हाडवैद्याचे उपचार चालू असताना रक्तवाहिनी फुटली. तोवर फार कुणी ऐकलंही नव्हतं त्याला. ही सहानुभूतीची मतं मागत नाही, कोपरीकर. फक्त नोंद.


मिसळ_जास्त_तर्री
मंगळवार, रात्री १०:२२

धागा मस्तीत वाचायला घेतला होता. आता ऐकावं लागणार असं दिसतंय. वाशीच्या आजी, तुमचा नातू नशीबवान आहे.


कोपरीकर
मंगळवार, रात्री १०:४०

नोंद घेतली. मत बदललेलं नाही. एक गाणं ऐकलं, तेही पूर्ण. ताईंचा लंबक ऐकू आला. आवडलं नाही.


कासारवडवलीकर
रविवार, दुपारी ३:३०

सगळ्यांचे आभार. आठवडाभर गृहपाठ केला, त्याचा अहवाल देतो.

आधी ताईंचा सा. शनिवारी बायको भाजी आणायला गेलेली बघून तानपुरा लावला, पांढरी एक, आणि डोळे मिटले. पाच मिनिटं म्हणालात, मी दीड मिनिटात दमलो. आणि माझा सा! बाशोचा खिळा जागेवर होता, माझा लंबकासकट भिंतीवरून खाली आला. मी आयुष्यात पहिल्यांदा एक स्वर वीस सेकंद धरायचा प्रयत्न केला, आणि अठराव्या सेकंदाला जी थरथर येते ती बघून मला त्या माणसाबद्दल बोललेलं सगळं आठवलं. अर्थात माझी थरथर दम संपल्याची होती, त्याची तशी नाही. कोपरीकर, तुमचा प्रश्न अजून उभाच आहे, सरळ सूर ताणता येत असताना तो थरथरवतो कशाला. मला एवढंच कळलं की सरळ ताणणं सोपं नाही.

मग गिटार. पावसाने तिची अवस्था वाईट आहे, लाकूड फुगून तारा वर उचलल्यात, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून टाकून औषधाचं दुकान झालंय. तरी सा प सा प सा ग लावली. तीन तारा उतरवायच्या, एक अर्ध्या सुराने चढवायची. चढवताना तोंड बाजूला केलं, एकदा गाल फुटलाय माझा. आणि मोकळ्या तारांवरून नुसता अंगठा ओढला तर अख्खी खोली सा झाली. अर्धा तास मी दुसरं काही केलंच नाही. ताई, देऊळ हा शब्द अगदी बरोबर होता.

अंगठेबहाद्दर, गाऊनही बघितलं. शब्द नाहीत, नुसता आ. तुम्ही म्हणालात तसंच झालं, छोटे छोटे सूर घेतले की अंगठा लंगडतो. लांब सोडला की अंगठा आपला आपण चालतो, जणू मला विसरलाच. त्या आठ-दहा सेकंदांत काय वाटलं ते लिहीत नाही, इथे टवाळ लोक आहेत.

इंटरकॉम वाजला. वॉचमन. "साहेब, आज मॅडमनी नाही विचारलं. मीच विचारतोय."

नेरुळकर, तुमची मौनाची गोष्ट मी बायकोला सांगितली, जेवताना. तिच्या माहेरी मेहेरबाबांचा फोटो होता, हे मला लग्नाच्या एकवीस वर्षांत माहीत नव्हतं. तिची आजी १० जुलैला दिवसभर बोलायची नाही आणि घरातल्या सगळ्यांना खाणाखुणांनी कामाला लावायची म्हणे. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. बाशो राहिला बाजूला.

आज सकाळी ठाणे स्टेशनला पाहुण्यांना सोडून परत येत होतो. तलावपाळीपासून पाऊस लागला. मी काही न सांगता तेच गाणं लावलं. गिटार झाली, मग तो सुरू झाला. बायकोचा हात पुढे आला.

गाडीत आवाज १८वर असतो माझा. तिने तो ९वर आणला आणि हात परत मांडीवर ठेवला. मी काही बोललो नाही. कापूरबावडीला गाणं संपलं, तर म्हणाली, "पुढचं पण याचंच आहे का?" मी म्हटलं हो. "बरं," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या "बरं"चा अर्थ मी अजून लावलेला नाही. गाडी खाली उभी आहे, आवाज ९वरच आहे.